विश्वाचं प्रसरण वेग का घेतंय? जेवणाच्या ताटावरच्या एका वादाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी अकरावीत आहे. जेवताना तिने सांगितलं की विश्वाचं प्रसरण दिवसेंदिवस वेग घेतंय आणि त्याला डार्क एनर्जी कारणीभूत आहे. सासरे म्हणाले, डार्क म्हणजे तुम्हाला न दिसणारी, न कळलेली. तिलाच आम्ही ईश्वरी शक्ती म्हणतो, आणि ‘ब्रह्म’ या शब्दातच वाढण्याचा अर्थ आहे. मुलगी ताटावरून उठली. आता तुम्ही विचारताय की बरोबर कोण, शास्त्राकडे खरोखर काही कारण आहे का, आणि मी स्वतः काय मानतो.

मी पुण्यात गेली २३ वर्षं दूरच्या सुपरनोव्हांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड स्फोटांच्या, प्रकाशमापनाचं काम करतो आहे. आधी एक गोष्ट सांगतो, ती मुलीला कदाचित आवडणार नाही: सासऱ्यांनी एक दुबळी जागा अचूक पकडली आहे. ‘डार्क एनर्जी’ हे नाव आहे, कारण नाही. १९९८ मध्ये मायकेल टर्नर यांनी ते वापरात आणलं. डॉक्टरांनी कागदावर ‘ताप’ लिहिलं म्हणजे निदान झालं असं होत नाही. तो मलेरियाचा की डेंगीचा हे अजून ठरायचं असतं. पण ताप खरा असतो, थर्मामीटरवर दिसतो. आमची अवस्था नेमकी तशी आहे. ताप पक्का मोजलेला आहे, निदान व्हायचं आहे. सासऱ्यांची घाई झाली ती इथून पुढे. ‘निदान झालेलं नाही’ यावरून त्यांनी थेट ‘म्हणून हे निदान’ असं म्हटलं.

तुमच्या घरातला खरा पेच ‘विज्ञान की धर्म’ असा नाही, असं मला वाटतं. ‘कारण’ या शब्दाने दोघं दोन वेगळ्या गोष्टी मागत आहेत. उत्तर कोणतं, हे त्यावर अवलंबून आहे. तिकडे येतोच, पण आधी ताप कसा मोजला ते पाहू. कारण त्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहतं.

रात्री पर्वतीवर उभं राहून शहराकडे पाहा. रस्त्यावरचे दिवे सगळे एकाच वॉटचे आहेत असं धरलं, तर जो मंद दिसतो तो लांबचा. आकाशात असे दिवे म्हणजे ‘वन ए’ प्रकारचे सुपरनोव्हा. श्वेत बटू नावाच्या मृत ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पटींच्या मर्यादेकडे गेलं की त्याचा स्फोट होतो, असं त्यांचं प्रचलित चित्र आहे. ती मर्यादा चंद्रशेखर यांनी काढलेली. हे दिवे तंतोतंत एका वॉटचे नसतात, पण जो जास्त तेजस्वी तो सावकाश मावळतो, त्यामुळे मावळण्याच्या गतीवरून मूळ तेज दुरुस्त करून घेता येतं. अंतर असं मिळालं, आणि प्रकाशाची ताम्रसृती, म्हणजे तो तांबड्या रंगाकडे किती सरकला हे, मोजलं की त्या काळापासून विश्व किती ताणलं गेलं ते कळतं. दोन्ही शेजारी ठेवले की प्रसरणाचा इतिहास वाचता येतो.

१९९८ मध्ये दोन गट हेच करत होते. एक सॉल पर्लमटर यांचा, दुसऱ्यात ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस. प्रसरण किती मंदावतंय हे मोजायला ते निघाले होते. मंदावणारच, याबद्दल बहुतेकांना शंका नव्हती. त्या राशीचं पाठ्यपुस्तकातलं नावच ‘मंदन गुणांक’ असं होतं. हाती आलं ते उलटं. दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा सरासरी १० ते १५ टक्के जास्त लांब निघाले. म्हणजे मधल्या काळात प्रसरणाने वेग घेतला होता. या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं.

इथे कुणीही शहाण्या माणसाने विचारावं: दिवा मंद दिसला तो लांब आहे म्हणून, की मध्ये धूळ आहे म्हणून? डिसेंबरच्या रात्री पर्वतीवरून हडपसरकडचे दिवे अंधूक दिसतात ते काही लांब गेले म्हणून नव्हे. ही शंका आम्हीच आधी घेतली. साधी धूळ प्रकाश लालसर करते, मावळतीचा सूर्य लाल दिसतो तसा, आणि तो लालसरपणा वेगवेगळ्या फिल्टरमधून पकडता येतो. लालसर न करता नुसतं मंद करणारी धूळ असेल तर? मग जितकं लांब जावं तितकं मंदपण वाढतच गेलं पाहिजे. हबल दुर्बिणीने आणखी दूरचे सुपरनोव्हा पाहिले तेव्हा तसं दिसलं नाही. फार जुन्या काळात प्रसरण खरोखर मंदावत होतं आणि वेग नंतर, सुमारे ५ ते ६ अब्ज वर्षांपूर्वी, घ्यायला लागलं असं निघालं. धुळीला असा मधेच मोहरा बदलता येत नाही. शिवाय दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताराविश्वांच्या, मांडणीत सुरुवातीच्या विश्वातल्या ध्वनिलहरींची एक खूण उरली आहे, आज साधारण ४९ कोटी प्रकाशवर्षांची. ती अंतराची मोजपट्टी म्हणून वापरली, तरी उत्तर तेच येतं, आणि त्यात सुपरनोव्हाचा संबंधच नाही.

‘वेग वाढतो’ याचा अर्थ मुलीच्या नोटांमध्ये बहुधा चुकीचा असेल, कारण बहुतेक ठिकाणी चुकीचाच असतो. चक्रवाढ व्याज आठवा. मुद्दल वाढतं म्हणून दर वर्षीचं व्याज वाढतं, व्याजाचा दर वाढलेला नसतो. इथे तर दर हळूहळू घटत एका आकड्यावर स्थिरावतोय. तरीही प्रत्येक दूरची दीर्घिका काल होती त्याहून अधिक वेगाने दूर जाते. आणि पृथ्वी, सूर्यमाला, आपली आकाशगंगा यांपैकी काहीही ताणलं जात नाही. ती गुरुत्वाकर्षणाने आणि अणूंच्या बंधांनी घट्ट बांधलेली आहेत.

आता कारणं. सर्वांत जुना उमेदवार आइनस्टाइन यांनी १९१७ मध्ये समीकरणात घातलेला वैश्विक स्थिरांक. आजच्या भाषेत, रिकाम्या अवकाशाची स्वतःची ऊर्जा. मुलीला असं सांगा: आमटीत पाणी घालत गेलं की मीठ पातळ होतं. द्रव्याचं तसं आहे. विश्वाची लांबी-रुंदी-उंची दुप्पट झाली की द्रव्य आठपट विरळ होतं. पण पाण्याचा ओलेपणा पाणी वाढवल्याने कमी होत नाही. तो पाण्याचाच गुण आहे. निर्वाताची ऊर्जा अवकाशाचा गुण असेल तर अवकाश वाढलं तरी तिची घनता तीच राहते. म्हणून ती सुरुवातीला नगण्य होती, द्रव्य विरळ होत गेलं तशी वरचढ झाली. वेग उशिरा का घेतला, याचं उत्तर यात आपसूक येतं.

पण ऊर्जा तर ओढते, मग ही ढकलते कशी? व्याख्यानांत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि इथे घाई करू नये. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणात फक्त वस्तुमान ओढतं. आइनस्टाइनच्या सिद्धांतात दाबही ओढतो, आणि तिन्ही दिशांचा मिळून तिप्पट मोजला जातो. सिलिंडरमधला वायू प्रसरण पावताना दट्ट्या ढकलतो आणि त्याची ऊर्जा खर्च होते. तो धन दाब. निर्वाताचं उलट आहे. जागा वाढली, घनता तीच, म्हणजे एकूण ऊर्जा वाढली. प्रसरणाबरोबर ऊर्जा वाढत असेल तर दाब ऋण असलाच पाहिजे. हिशेब मांडा: ऊर्जेची ओढ एक, ऋण दाबाची उलटी ओढ तीन. बेरीज उणे दोन. ओढ संपली, प्रतिसारण सुरू. गुरुत्वाकर्षणाखाली वस्तू एकमेकींकडे का झुकतात आणि कोणत्या अटीवर झुकत नाहीत हे सांगणारं समीकरण १९५५ मध्ये कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी मांडलं. आज जगभर ते त्यांच्या नावाने शिकवतात, आपल्या अकरावीच्या वर्गात मात्र त्यांचं नाव ऐकू येत नाही, याची मला खंत वाटते.

ही ऊर्जा आहे किती? एका घनमीटरला हायड्रोजनच्या साधारण साडेतीन अणूंइतकी. ६ ग्रॅमचे १ वर २४ शून्यं इतके भाग करा, त्यातला एक भाग एका घनमीटरात. अख्ख्या पृथ्वीच्या घनफळात मिळून मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढं वजन. तरी विश्वाच्या एकूण ऊर्जेत तिचा वाटा सुमारे ६८ टक्के, कृष्ण द्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या पण ओढणाऱ्या द्रव्याचा, २७ आणि तारे, ग्रह, वायू, आपण सगळे मिळून ५. कारण अवकाश अफाट आहे आणि द्रव्य सरासरीने त्याहूनही विरळ.

मग अडलं कुठे? पुंज (क्वांटम) सिद्धांताने निर्वाताची ऊर्जा सरळ मांडली की ती मोजलेल्या ऊर्जेच्या, १ वर सुमारे १२० शून्यं, इतक्या पट येते. भौतिकशास्त्रात इतका मोठा फरक दुसरीकडे कुठे नाही. आकडा निरीक्षणाशी चपखल बसतो, पण तोच का, हे आम्हाला सांगता येत नाही. ताप मोजलाय, निदान नाही, असं म्हणालो ते यासाठी.

म्हणून दुसरे उमेदवार उभे राहतात. ही ऊर्जा स्थिर नसून काळानुसार बदलणारं क्षेत्र असेल. किंवा अशी ऊर्जाच नसेल आणि फार मोठ्या अंतरांवर गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा असेल. या दुसऱ्या वाटेला १७ ऑगस्ट २०१७ रोजी मोठा धक्का बसला. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरून दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाच्या गुरुत्वीय लहरी आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. इतक्या प्रवासात पावणेदोन सेकंदांचाही फरक नाही, म्हणजे दोघांचा वेग व्यवहारात एकच. तो वेगळा असेल असं सांगणारे कितीतरी सिद्धांत त्या एका दिवसात बाद झाले.

पुण्यातून सांगताना दोन नावं घ्यायलाच हवीत. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६० च्या दशकात ऋण ऊर्जेचं एक क्षेत्र मांडलं होतं, ज्यातून द्रव्य निर्माण होतं आणि प्रसरणही चालू राहतं. त्यांच्या स्थिर-स्थिती विश्वात, म्हणजे सदासर्वकाळ सारख्याच दिसणाऱ्या विश्वात, प्रसरण वेग घेणारंच असतं. प्रसरण खरोखर वेग घेतंय हे बाकीच्यांना १९९८ मध्ये कळलं, हे विसरू नये. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुपरनोव्हांच्या मंदपणाचं कारण लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंची धूळ असू शकेल, असंही मांडलं. वैश्विक पार्श्वप्रारणाच्या, म्हणजे सुरुवातीच्या विश्वातून उरलेल्या प्रारणाच्या, मोजमापांपुढे ते प्रारूप टिकत नाही असं मला वाटतं, बहुसंख्य अभ्यासकांनाही वाटतं. पण पर्याय हाताशी असल्याशिवाय सिद्धांताची परीक्षा होत नाही, हा धडा मी त्यातून घेतला. दुसरे थाणू पद्मनाभन. तेही ‘आयुका’ या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेतले. अवकाश हीच मूलभूत वस्तू नाही. उष्णता जशी रेणूंच्या हालचालीतून उमटते तसं गुरुत्वाकर्षण कशातून तरी उमटतं, आणि प्रसरण म्हणजे एका समतोलाकडे चाललेली वाटचाल, अशी त्यांची मांडणी होती. ती सिद्ध झालेली नाही. पण प्रश्नच वेगळा विचारून पाहण्याचं बळ तिच्यात आहे.

ताजी बातमी अशी. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर ‘डेसी’ नावाचं उपकरण एका वेळी ५,००० वस्तूंचे वर्णपट घेतं. सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) वापरून २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी जे दिलं त्यात ही ऊर्जा काळानुसार क्षीण होत असल्याची खूण आहे. खूण म्हणतोय, शोध नाही. सोबत कोणता सुपरनोव्हा-संच जोडता त्यानुसार तिचं बळ तेव्हा २.८ ते ४.२ सिग्मा आलं. सिग्मा म्हणजे खूण निव्वळ योगायोग नसल्याच्या खात्रीचं माप, आणि आमच्यात शोध म्हणायला ५ लागतात. मी इथे सावध का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच विश्लेषणात अशी बदलती ऊर्जा दिसली होती. तीन आठवडे आम्ही फार आनंदात होतो. मग एका विद्यार्थिनीने दोन दुर्बिणींच्या फिल्टरांचे शून्यबिंदू, म्हणजे तेज मोजण्याची आधारपातळी, पुन्हा जुळवले. दोन टक्क्यांहून कमी फरक होता. तो दुरुस्त केला आणि सगळा बदल नाहीसा झाला. डेसीच्या बाबतीत तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण सुपरनोव्हा-संच बदलला की उत्तराचं बळ बदलतं, हे वाचून मला ते तीन आठवडे आठवतात.

आता सासऱ्यांकडे. ‘ब्रह्म’ शब्द बृह् धातूपासून, वाढणं या अर्थाने, ही व्युत्पत्ती परंपरेतलीच आहे. कुराणात ५१ व्या सूरेत आकाश आम्ही विस्तारतो अशा अर्थाचं वचन आहे, बायबलमध्ये यशयाच्या ४० व्या अध्यायात आकाश पडद्यासारखं पसरणारा देव आहे. मी या कशालाही हिणवत नाही. पण एक प्रामाणिक प्रश्न विचारायला हवा. १९९८ च्या आधी, जेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ ‘प्रसरण मंदावतंय’ असं म्हणत होते, तेव्हा यातलं कोणतं वचन वाचून कुणी ‘नाही, ते वेग घेतंय’ असं सांगितलं? अर्थ नंतर लावला गेला. उद्या डेसीची खूण पक्की ठरली आणि ही ऊर्जा क्षीण होताना निघाली, तर ईश्वराची शक्ती क्षीण झाली असं म्हणायचं का? सासऱ्यांना ते पटणार नाही, आणि पटूही नये.

हे ओळखणारा माणूस स्वतः धर्मगुरू होता. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे कॅथलिक पाद्री. प्रसरणशील विश्व त्यांनी १९२७ मध्येच मांडलं. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी विश्वाच्या आरंभाच्या या विज्ञानात सृष्टिनिर्मितीची साक्ष दिसते असं भाषण केलं, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांनी आपलं म्हणणं वरपर्यंत पोहोचवलं, आणि पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. लमेत्र यांची श्रद्धा कमी नव्हती. सिद्धांत बदलू शकतो, त्याच्या खुंटीला देव टांगू नये, हे त्यांना कळत होतं.

आपल्याकडे यासाठी फार नेमके शब्द आहेत: उपादान कारण आणि निमित्त कारण. घटाचं उपादान कारण माती, निमित्त कारण कुंभार. मुलगी उपादान विचारतेय: कशाचं बनलंय, कोणत्या नियमाने चालतं, किती. सासरे निमित्त सांगताहेत: कुणामुळे. अद्वैतात ब्रह्म हेच दोन्ही, असं ते म्हणतील. म्हणू द्या. तरी माझी अडचण उरते. जे कारण प्रसरण वेगावलं तरी लागू, मंदावलं तरी लागू आणि थांबलं तरी लागू, ते ‘वेगच का घेतला’ याचं उत्तर होत नाही. ते असण्याचं कारण असू शकेल, या वेगाचं नाही.

सासऱ्यांची बाजू मी त्यांच्याहून भक्कम मांडू शकतो, आणि ती मुलीनेही ऐकावी. हा स्थिरांक आहे त्याहून बराच मोठा असता तर दीर्घिका जमल्याच नसत्या. हा मुद्दा भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्येच, म्हणजे वेगवाढ दिसण्याच्या ११ वर्षं आधी मांडला. तो इतका नेमका लहान का? कुणी म्हणतो योजना. कुणी म्हणतो असंख्य विश्वं आहेत, जिथे तो लहान आहे तिथेच विचारणारे जन्मले. वाइनबर्ग स्वतः दुसऱ्या बाजूचे. आजची कोणतीही दुर्बीण या दोघांत निवाडा करू शकत नाही. त्यामुळे सासऱ्यांच्या श्रद्धेला हसून असंख्य विश्वं मात्र सिद्ध झाल्यासारखी सांगणाऱ्याशीही मी सहमत नाही. आणि ऋग्वेदाच्या १०.१२९ मध्ये सृष्टी कुठून आली याबद्दल ‘को अद्धा वेद’, खरोखर कोण जाणतो, असं विचारून शेवट ‘सो अङ्ग वेद यदि वा न वेद’ असा केला आहे: तो जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल. सासऱ्यांना हे सूक्त ठाऊक असेल. ‘माहीत नाही’ म्हणणं त्यांच्याच परंपरेत आहे.

मी काय मानतो? वैश्विक स्थिरांक हा मला अजूनही सर्वांत संभवनीय उमेदवार वाटतो, पण पाच वर्षांपूर्वी होती तितकी खात्री आज नाही. बदलत्या क्षेत्राची शक्यता मी गंभीरपणे घेतो. गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलण्याची कमी. डेसीचे पुढचे आकडे, २०२३ मध्ये अवकाशात गेलेली युक्लिड दुर्बीण, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला उभी राहणारी, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया, जी सुपरनोव्हाची मदत न घेता अंतर मोजायला हातभार लावेल, यांची मी वाट पाहतोय. देवपूजा मी करत नाही. पण पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की आईला घेऊन दर्शनाला जातो, आणि तिथल्या गर्दीत मला या स्थिरांकाची किंमत कधी आड आली नाही.

मुलीला सांगा, मोहरीचे दाणे माझ्या शब्दावर मानू नकोस. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, गोलाच्या घनफळाचं सूत्र तिला येतं, घनता वर दिली आहे. आजोबांना शेजारी बसवून शून्यं मोजायला लाव; चूक तिथेच होते.